एकच खुर्ची

शिकागोत आले तेव्हा ऑक्टोबर होता,
झाडं अजून पाहुण्यांसमोर वागावं तशी वागत होती.
हलीना व्रोबेलने जिन्यातच दोन किल्ल्या दिल्या,
एक नियम सांगितला,
रेडिएटरवर काही वाळत घालायचं नाही,
आणि विचारलं, "एकटीच?"
मी हो म्हटलं. तिने तो हो
डिपॉझिटच्या पावतीसारखा घडी घालून ठेवला.

गॅसचं पहिलं बिल माझ्या नावावर आलं
तेव्हा मी ते फ्रिजला लावलं.
नावात एक अक्षर चुकलेलं, तरी.
त्याच चुकीवर लायब्ररीचं कार्ड निघालं,
बँकेचं खातं निघालं,
डिसेंबरपर्यंत मीही
त्या हाकेला ओ द्यायला लागले.

"तळं नेहमी पूर्वेला. बाकी सगळे आकडे,"
लॅबमधल्या डेलोरिसने सांगितलं होतं.
रात्रपाळी सुटली की मी पार्किंगमध्ये उभी राहून
आधी तळं शोधायची,
मग घर.

जानेवारीत अठरा इंच पडलं.
गाड्यांची टेकाडं झाली,
आणि टेकाडांच्या मध्ये, खणून काढलेल्या चौकोनांत,
इस्त्रीचं टेबल,
एका चाकाची बाबागाडी,
दोन बादल्यांवर आडवी फळी,
नाक उडालेला प्लास्टरचा संत.
मला वाटलं, कुणाकुणाचे संसार रस्त्यावर आलेत.
हळहळले.
एक लाकडी खुर्ची अलगद बाजूला ठेवली,
गाडी लावली, वर जाऊन झोपले.

दुपारी पाहते तर गाडी काचेची.
कुणीतरी बादल्या बादल्या पाणी ओतलेलं,
दारं, कुलपं, वायपर, सगळं गोठून एकजीव.
समोरच्या काचेवर बर्फाखाली एक चिठ्ठी,
शाई फुटून माशासारखी झालेली.
वाचता आली नाही. समजली.

समोरचा एउसेबियो फावड्यावर रेलून उभा होता.
"मिसेस टिलमननी तीन तास उपसलं ते.
जो उपसतो, त्याची जागा."
कायदा आहे का असा?
"नाही," तो म्हणाला. "पण आहे."

मला एसटी आठवली.
खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली,
कायदा तिथेही नव्हता.
पण रुमाल टाकायला
कुणाची कंबर मोडत नाही.

केक घेऊन गेले. दुकानातलाच.
ओडेसा टिलमननी तो दारातच घेतला, उघडून पाहिला,
आणि एवढंच म्हणाल्या, "माझी खुर्ची कुठे टाकलीस?"
मी हातांनी बर्फ उकरून ती काढली.
एक पाय डुगडुगत होता.
आधीपासूनच, त्या म्हणाल्या.
मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या का, माहीत नाही.

फेब्रुवारीत पुन्हा पडलं.
एउसेबियोचं जादा फावडं, माझे दोन हात,
अडीच तास.
चौकोन झाला. थोडा वाकडा.
आता ठेवायचं काय?
खोकी वाऱ्याने जातील. संत माझ्याकडे नाही.
घरात खुर्ची एकच,
गल्लीतून उचलून आणलेली, हिरवी.

नऊ दिवस मी ओट्याशी उभ्याने जेवले.

त्यातल्या तिसऱ्या रात्री असा वारा सुटला
की लॅबच्या खिडक्या दात वाजवत होत्या.
सकाळी सातला कोपरा वळताना
मनात खुर्चीचं केव्हाच पाणी सोडलं होतं.

होती.
तिच्यावर कुणीतरी
रस्त्यावर टाकायच्या मिठाची अर्धी पिशवी ठेवलेली,
तोंडाला सुतळीची गाठ.

एउसेबियो म्हणाला, मी नाही.
मिसेस टिलमननी पडदा सारला.
हलीना म्हणाली,
"तू रेडिएटरवर मोजे घालतेस, मला माहीत आहे,"
आणि आत गेली.

पिशवी वर नेताना खालून जरा फाटली.
जिन्यापर्यंत, पायरी पायरीवर, मीठ सांडत गेलं.
मी झाडलं नाही.